जुनं पॉवर हाऊस बघायला जाताय? मग पाणी येतं त्या वाटेनेच जा

दिवाळीची सुट्टी लागली की मला तीनच प्रकारचे फोन येतात. पहिला, "आम्ही कोयनेला जाऊन आलो, धरण बघितलं, पण पॉवर हाऊस कुठे दिसलंच नाही." दुसरा, "गेटवरनं परत पाठवलं हो, एवढी पोरं घेऊन गेलो होतो." आणि तिसरा, जो मला सगळ्यात जास्त लागतो, "आत गेलो, मोठ्ठा आवाज होता, सायबांनी बरंच काय काय सांगितलं, पण खरं सांगू का, काही कळलं नाही." मी चिपळूणचा, आयटीआयच्या पोरांना, शाळेच्या सहलींना आणि गणपतीला आलेल्या मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन बरेच वेळा हे केलंय, आणि या तिन्ही चुका मी स्वतः करून बसलोय. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा हेच पाठवीन.

उदाहरण कोयनेचं घेतलंय कारण ते आपल्या दारात आहे. पण क्रम तोच ठेवलात तर खोपोली, भिवपुरी, भिरा किंवा परदेशातलं एखादं बंद पडून म्युझियम झालेलं केंद्र, सगळीकडे चालतो.

१. आधी ठरवा: केंद्र चालू आहे की बंद

हा प्रश्न कोणी विचारतच नाही आणि सगळा घोळ इथून सुरू होतो. जगात दोन प्रकारची जुनी जलविद्युत केंद्रं बघायला मिळतात. एक, जिथे मशीन कायमची थांबलीत आणि हॉल लोकांसाठी उघडा केलाय. नॉर्वेतलं रुकानजवळचं वेमोर्क घ्या, १९११ ला सुरू झालं, १९७१ ला बंद झालं आणि १९८८ पासून तिथे म्युझियम आहे. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे, तो तिकीट काढून गेला, मशीनला टेकून फोटो काढले आणि मला पाठवून वर विचारतो, "मामा, पोफळीला असं का नाही?"

पोफळी म्हणजे कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांचं पॉवर हाऊस. तिथे असं नाही कारण ते चालू आहे बाबा. आपल्याकडची जुनी केंद्रं म्हातारी झालीत पण कामावर आहेत. खोपोली १९१५ चं, भिवपुरी १९२२ चं, भिरा १९२७ चं, कोयनेचा पहिला टप्पा साठच्या दशकातला, आणि सगळी अजून वीज करतात. तिथे तुम्ही प्रेक्षक नसता, दुसऱ्याच्या कामाच्या जागी गेलेला पाहुणा असता. तिकीट खिडकी नाही, रविवारची गर्दी नाही, आणि मनात आलं म्हणून गाडी काढली असं तर अजिबात नाही.

दुसरी गोष्ट, कोयना म्हणजे एक पॉवर हाऊस नाही. एकूण क्षमता १९६० मेगावॅट, पण ती वाटलेली आहे:

- पहिला टप्पा, ७० मेगावॅटची ४ मशीन
- दुसरा टप्पा, ८० ची ४
- तिसरा, खालच्या कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावर, ८० ची ४
- चौथा, २५० ची ४
- आणि धरणाच्या पायथ्याशी २० ची २ छोटी मशीन

आता बघा, धरण सातारा जिल्ह्यात घाटावर, आणि ही छोटी दोन सोडली तर बाकी सगळी वीज कुंभार्ली घाटाच्या खाली आपल्या चिपळूण तालुक्यात तयार होते. लोक कोयनानगरला जातात, धरणाच्या भिंतीखाली पॉवर हाऊस शोधतात आणि धबधबे बघून परत येतात. पाणी पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं, पण ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला कोकणात उतरवलंय, कारण पाणी पडायला उंची इकडे मिळते. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तरी अर्धी सहल वाचते.

> तपासा: अर्ज करायच्या आधी स्वतःला सांगता आलं पाहिजे की कुठला टप्पा बघायचाय आणि त्याचं पाणी कुठून येतं, कुठे जातं. नुसतं "कोयना बघायचंय" म्हटलंत तर समोरचा माणूस धरणच समजणार.

२. परवानगी: इथे घाई केली की सगळं बोंबललं

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या वेळी मी बावीस जणांना घेऊन एका पॉवर हाऊसच्या गेटवर गेलो होतो, माझ्या ओळखीचा एक जण आत होता, म्हटलं तो करेल काहीतरी. तो रजेवर. गेटवरचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, कागद?" कागद नव्हता. परत आलो, गाडीचं भाडं खिशातून आणि पोरांची तोंडं बघवत नव्हती. चूक शंभर टक्के माझी.

कोयनेत धरण आणि जलाशय जलसंपदा विभागाचा आणि मशीन चालवते महानिर्मिती, म्हणजे राज्याची वीजनिर्मिती कंपनी. म्हणजे धरणाजवळची जागा बघायची आणि पॉवर हाऊसही बघायचं तर दोन दारं ठोठवावी लागतात, एका कागदात दोन्ही उरकेल असं धरून चालू नका. खोपोली, भिवपुरी, भिरा ही टाटांची केंद्रं, तिथला विषय वेगळा.

क्रम असा ठेवा:

१. आधी फोन किंवा प्रत्यक्ष भेट, फक्त एवढं विचारायला की सध्या भेटी देतात का, अर्ज कोणाच्या नावाने करायचा आणि किती जण चालतात. अर्ज आधी लिहून मग विचारू नका, नाव चुकलं की तो कागद टेबलाटेबलावर फिरत बसतो.

२. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर. शाळा, कॉलेज, आयटीआय, वाचनालय, काहीही असो, पण मागे संस्था असेल तर बोलणं सोपं जातं. "आम्ही चार मित्र" या अर्जाला वजन नसतं, वाईट वाटून घेऊ नका.

३. सोबत नावांची यादी, प्रत्येकाचं वय, ओळखपत्राचा नंबर आणि झेरॉक्स, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव. ड्रायव्हरला हमखास विसरतात. ग्रुपमध्ये परदेशी नागरिक असेल, अगदी घरचा जावई असला तरी, ते आधीच स्पष्ट लिहा.

४. हेतू दोन ओळीत. "अभ्यास सहल" एवढंच लिहू नका. "इलेक्ट्रिशियन ट्रेडचे विद्यार्थी, टर्बाइन व जनरेटर पाहणे" असं लिहिलंत की तिकडून दाखवायला माणूसही तसा मिळतो.

५. एक तारीख नको, तीन द्या. त्यांचं ओव्हरहॉल असतं, वरचे साहेब येणार असतात, सुरक्षेचं काही निघतं.

६. मंजुरीचा कागद हातात आला की त्याच्या दोन प्रती. मोबाइलमधला फोटो दाखवून चालेल असं समजू नका, कारण मोबाइलच गेटवर ठेवायला लागतो आणि मग तो फोटो दाखवायचा कसा, हा विनोद मी डोळ्यांनी बघितलाय.

> थांबा: यादीत नाव नसलेला एकही माणूस ऐन वेळी गाडीत घेऊ नका. "बायकोचा भाऊ आलाय, येऊ दे ना" यावरून अख्खा ग्रुप तासभर गेटवर उभा राहतो.

३. दिवस आणि वेळ

पावसाळ्यात कुंभार्ली घाट देखणा असतो, मान्य, पण धुकं, दरडी आणि रस्त्यावर आलेली माती यात चाळीस पोरांची बस घालायची हिंमत मी करत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात खालच्या कोकणात घामाने जीव जातो.

पण खरा मुद्दा ऋतूचा नाही, मशीनचा आहे. कोयना हे मुख्यतः पीकिंगसाठी वापरतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ विजेची मागणी चढली की मशीन लावायची आणि उतरली की थांबवायची. कोळशाच्या केंद्राला असं चटकन चालू-बंद करता येत नाही, पाण्याला काही मिनिटं पुरतात. शिवाय पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातलीय, आणि हे वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजतात. त्यामुळे पाणी जपून वापरतात आणि तुम्ही दुपारी दोनला जाल तेव्हा सगळी मशीन फिरत असतीलच असं नाही. लोक शांत हॉल बघून "बंद पडलंय वाटतं" म्हणत बाहेर येतात. बंद नसतं हो, थांबलेलं असतं.

आदल्या दिवशी फोन करून एवढंच विचारा, उद्या साधारण कुठल्या वेळेला एखादं तरी युनिट चालू असेल. आणि एखादं युनिट दुरुस्तीला उघडलेलं आहे असं कळलं तर उड्या मारा, कारण टर्बाइनचं चाक उघडं बघायला मिळणं हे चालू मशीन बघण्यापेक्षा दुर्मिळ. चालू मशीनचं बाहेरून फक्त झाकण दिसतं.

४. आदल्या संध्याकाळी: कागदावर पाणी काढा

ही पायरी सगळे गाळतात. "आत गेलो, काही कळलं नाही" हे रडगाणं शंभरातल्या नव्वद वेळा इथलंच.

एक मोठा कागद घ्या. उजवीकडे वर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, डावीकडे खाली चिपळूण आणि खाडी, मधे सह्याद्री. आता पाण्याची वाट काढा:

जलाशय → नवजा गावाजवळचं इनटेक (पाणी आत घ्यायचं तोंड) → डोंगरातला लांब आडवा बोगदा → सर्ज टँक (हे काय ते पुढे सांगतो) → खाली उतरणारे प्रेशर शाफ्ट → टर्बाइन (पाण्याने फिरणारं चाक) → टेलरेस बोगदा (वापरलेलं पाणी बाहेर नेणारा) → कोळकेवाडीचा जलाशय → तिसऱ्या टप्प्याची टर्बाइन → कालवा → वाशिष्ठी → दाभोळची खाडी → समुद्र.

बघा, तेच पाणी दोनदा वीज करतं. पोफळीत एकदा, मग कोळकेवाडीच्या धरणात थांबून पुन्हा एकदा. पोरांना हे कागदावर स्वतः काढायला लावा, तुम्ही काढून देऊ नका.

मग एक हिशोब करून घ्या, सातवी-आठवीच्या पोरालाही जमतो. पहिल्या टप्प्याला पाणी सुमारे ४७५ मीटर उंचीवरून पडतं. सेकंदाला १ घनमीटर पाणी, म्हणजे १००० लिटर, आपल्या गच्चीवरची एक मोठी टाकी म्हणा, एवढ्या उंचीवरून आलं की ९.८१ गुणिले ४७५, साधारण ४६६० किलोवॅट. मशीनमध्ये थोडं वाया जातं, ९० टक्के धरा, ४२०० च्या आसपास. मग ७० मेगावॅटच्या एका मशीनला सेकंदाला किती लागेल? सोळा-सतरा टाक्या. दर सेकंदाला. हे उत्तर वहीत लिहून घेऊन गेलेला पोरगा आत मशीनसमोर उभा राहतो ना, त्याचा चेहरा वेगळा असतो.

> तपासा: झोपायच्या आधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा, पाणी टर्बाइनमधून बाहेर पडल्यावर कुठे जातं? "संपतं" किंवा "परत वर जातं" असं उत्तर आलं तर कागद परत काढायचा.

५. अंगात काय, पिशवीत काय

बंद बूट. चप्पल, सँडल, क्रॉक्स, काही नाही. सुती कपडे, बाह्या लोंबणाऱ्या नकोत, ओढणी आणि पदर खोचून, लांब केस बांधून. फिरत्या मशीनजवळ लोंबणारी कुठलीही गोष्ट वाईट, यात फॅशनचा वाद घालू नका. हेल्मेट देतील ते हनुवटीखाली पट्टा लावून घाला, डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट वाकलं की पहिलं खाली पडतं. कानात घालायला बोळे न्या, लहान पोरांना तर नक्की.

मोबाइल, कॅमेरा, स्मार्ट घड्याळ, पेन ड्राइव्ह हे सगळं गाडीत किंवा गेटवर. ड्रोनचा तर विचारही नको, ही संरक्षित जागा असते आणि तिथे कायद्याची भाषा सुरू झाली की तुमची सहल तिथेच संपते. फोटो नाही म्हणून नाराज होण्यापेक्षा वही आणि पेन्सिल न्या. पेन नाही, पेन्सिल, कारण दमट हवेत कागद ओला होतो आणि शाई पसरते.

पोफळीचं पॉवर हाऊस डोंगराच्या पोटात आहे, आत जायला बोगदा आहे. ज्यांना बंद जागेत गुदमरतं, दमा आहे, गुडघे दुखतात, त्यांनी आधीच सांगावं, आत गेल्यावर धीर सोडला तर सगळ्यांना परत फिरावं लागतं. पेसमेकर असलेल्यांनी अर्ज करतानाच विचारून घ्या, जनरेटरजवळ चुंबकीय क्षेत्र असतं.

शिदोरी भरपूर न्या पण गाडीत ठेवा. घावणे, भाकरी, उकडलेली अंडी, कोकम सरबत, जे असेल ते. आत काही खायचं नाही.

६. सकाळी वर: धरण आणि इनटेकची बाजू

पॉवर हाऊसची वेळ दुपारची मिळाली असेल तर सोनं. सकाळी चिपळूणहून निघून थेट घाट चढा, पोफळीला थांबू नका. कोयनानगरला पोचून धरण जिथून बघू देतात तिथून बघा. १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरपेक्षा थोडी जास्त लांब भिंत, आणि पोटात १०५ टीएमसी पाणी. पण इथे तासभर घालवू नका, कारण तुमचं पाणी भिंतीतून येत नाही, ते पलीकडे नवजाच्या बाजूने डोंगरात शिरतं. नवजाकडे गेलात तर पाण्यात काही भव्य दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, खरं दार पाण्याखाली आहे.

इथे पोरांना चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग सांगायचं, कारण याची गंमत जागेवरच कळते. भरलेलं धरण रिकामं न करता त्याच्या तळाला नवीन भोक कसं पाडायचं? बोगदा खालून खणत आणायचा, शेवटी पाण्याच्या आणि बोगद्याच्या मधे फक्त खडकाचं एक बूच ठेवायचं आणि ते स्फोटाने उडवायचं. कोयनेत हे दोनदा केलं, १३ मार्च १९९९ ला आणि २५ एप्रिल २०१२ ला. पाण्याकडे बघत उभं राहून हे ऐकलं की पोरं गप्प होतात.

पॉवर हाऊसची वेळ सकाळची मिळाली तर? उलटा क्रम घ्यावा लागतो, इलाज नाही. मग काल काढलेला कागद गेटबाहेर गाडीत उघडून एकदा सगळ्यांना बोटाने वाट फिरवून आणायची आणि मगच आत.

> थांबा: जलाशयात उतरू नका, काठावर चिखल दिसतो तसा नसतो. आणि भोंगा ऐकू आला तर नदीपात्रातून लगेच वर या, सेल्फी राहू दे.

७. घाट उतरताना: न दिसणाऱ्या गोष्टी

हा तास बसमध्ये अंताक्षरीत जातो, आणि तो खरं तर सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही रस्त्याने उतरताय, तुमच्या बाजूला डोंगराच्या आत पाणीही उतरतंय.

घाटात पाइप शोधू नका. खोपोलीला डोंगराच्या अंगावरून उतरणारे मोठे पाइप लांबूनही दिसतात, तसे कोयनेत दिसत नाहीत, इथे शाफ्ट खडकातच आहेत. ज्यांना कोयनेची परवानगी मिळाली नाही त्यांनी खोपोलीला बाहेरून जाऊन ते पाइप बघितले तरी चालतं, निम्मं शास्त्र तिथे उघड्यावर आहे.

सर्ज टँक समजावून द्यायची जागा हीच. घरचा नळ जोरात चालू असताना झटकन बंद केला की पाइप आत धडकन वाजतो, ऐकलंय ना? पाणी पळत आलेलं असतं, त्याला अचानक थांबवलं की ते धडक मारतं. आता मुंबईकडची मागणी अचानक उतरली, मशीनचं पाणी बंद केलं, आणि मागे बोगद्यात काही किलोमीटर लांबीचं पाणी पळत येतंय. ते कुठे जाणार? म्हणून शाफ्टच्या तोंडाशी उभी विहीर ठेवतात, पाणी त्यात वर चढतं, खाली उतरतं, हळूहळू शांत होतं. हे आधी कळलेला माणूस आत गेल्यावर योग्य प्रश्न विचारतो.

८. गेटवर

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. गाडी गेटच्या तोंडावर लावू नका. एकच माणूस कागद घेऊन पुढे, बाकी सगळे गाडीत. यादीच्या क्रमाने ओळखपत्रं आधीच लावून ठेवा. मोबाइल एका पिशवीत, पिशवीवर कागद, कागदावर नावं. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या.

आत दाखवायला जे कर्मचारी येतील त्यांना पहिल्याच मिनिटाला सांगा, "साहेब, आम्हाला पाणी येतं त्या क्रमाने दाखवाल का?" बहुतेकांना हे आवडतं. नाहीतर नेहमीची फेरी कंट्रोल रूमपासून सुरू होते, दिवे लुकलुकतात, पोरं भारावतात आणि डोकं रिकामं राहतं.

९. आत: पाच थांबे, याच क्रमाने

*पहिला थांबा, इनलेट व्हॉल्व्ह.* शाफ्टमधून आलेलं पाणी मशीनला द्यायचं की नाही हे ठरवणारा दरवाजा. इथे दाब विचारा. दहा मीटर पाण्याला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ४७५ मीटरला किती? पोरांनाच सांगू द्या. जमिनीतून पायाला थरथर जाणवते ती इथे.

*दुसरा, टर्बाइन.* पहिल्या दोन टप्प्यांना पेल्टन चाकं आहेत. उंची जास्त, म्हणून पाणी नोझलमधून बारीक धारेने सोडायचं आणि चाकाच्या कडेला लावलेल्या वाट्यांवर मारायचं. वाटी जोडीची असते, मधे धारदार कणा, पाणी त्यावर आपटून दोन बाजूंना फुटतं आणि जवळजवळ उलटं वळून निघतं. त्या धारेचा वेग हिशोबाने ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास येतो, आणि चाकाची कड साधारण त्याच्या निम्म्या वेगाने फिरते. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याला फ्रान्सिस टर्बाइन, ती पूर्ण पाण्यात बुडालेली असते. पेल्टन मात्र हवेत फिरते, खालचं पाणी चाकाला लागता कामा नये. ही दोन वाक्यं नीट समजली तर अर्धा तास सत्कारणी. कुठेतरी जुनं, झिजलेलं चाक मांडून ठेवलेलं असलं तर वाटीच्या कण्याकडे जवळून बघा, वाळूने कसं खाल्लंय ते.

*तिसरा, जनरेटर.* वरून फक्त गोल झाकण दिसतं आणि सगळे "एवढंच?" म्हणतात. नेमप्लेट शोधा. त्यावर मिनिटाला फेरे लिहिलेले असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ६००० ला त्या फेऱ्यांनी भागलं की आत किती चुंबकीय पोल आहेत ते निघतं. समजा ३०० फेरे असतील तर २० पोल. उत्तर काढा आणि मग साहेबांना विचारा बरोबर आहे का. मी बघितलंय, इथून पुढे तो माणूस तुम्हाला पाहुणा म्हणून नाही, कामातला म्हणून बोलायला लागतो.

*चौथा, कंट्रोल रूम.* सगळ्या पडद्यांकडे बघू नका, फक्त फ्रिक्वेन्सीचा आकडा बघत एक मिनिट उभे राहा. ५०.०१, ४९.९७, ५०.०३ असा हलतो. देशात कुठेतरी मागणी वाढली की तो खाली येतो, ४९.९० ते ५०.०५ मधे ठेवायचा असतो. इथे विचारायचा प्रश्न: पूर्ण अंधार झाला, सगळी ग्रिड बसली, तर आधी कोण उठतं? पाण्याची केंद्रं, कारण त्यांना सुरू व्हायला बाहेरची वीज फार थोडी लागते.

*पाचवा, ट्रान्सफॉर्मर.* लांबूनच. जनरेटरची वीज काही हजार व्होल्टची, ती इथे वाढवून पुढे तारांवर जाते. पिवळी रेघ आखलेली असते तिच्या अलीकडे.

> थांबा: आत कुठल्याही रेलिंगला, पॅनेलला, पाइपला हात लावायचा नाही. बंद दिसणारं मशीन रिमोटवरून केव्हाही सुरू होतं. आणि ग्रुप मोजा, आत जाताना, प्रत्येक मजला बदलताना आणि बाहेर आल्यावर.

नेहमीच्या चुका पटकन सांगतो. सगळे एकदम प्रश्न विचारतात आणि आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही, त्यापेक्षा प्रश्न वहीत लिहा आणि कंट्रोल रूममध्ये शांतपणे विचारा. मास्तर लोक स्वतःच समजवायला लागतात आणि ज्याने तिथे वीस वर्षं काढलीत तो बाजूला उभा राहतो, हे तर करूच नका. आणि "पगार किती" हा प्रश्न पोरं विचारतातच, आधी तंबी द्या.

१०. बाहेर आल्यावर घरी पळू नका

वाट अर्धी राहिलीय. अलोरे-कोळकेवाडीच्या बाजूला या, जिथून परवानगीशिवाय रस्त्यावरून पाणी दिसतं तिथे थांबा. पोफळीतून निघालेलं पाणी इथे जमतं, पुन्हा पडतं आणि कालव्यातून वाशिष्ठीत जातं. डबे इथे, सावली बघून उघडा.

> थांबा: टेलरेसच्या कालव्यात आणि त्याखालच्या नदीत पाय धुवायलाही उतरू नका. वर कोणीतरी मशीन लावलं की कोरडं दिसणारं पात्र काही मिनिटांत भरतं, पाऊस नसताना, आभाळ निरभ्र असताना. भिऱ्याखाली कुंडलिकेवर कोलाडला राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर, म्हणजे विचार करा जोर किती असतो.

मग कागद शेवटचा बाहेर काढायचा आणि प्रत्येकाने आज बघितलेल्या ठिकाणावर खूण करायची. जे बघायला मिळालं नाही तिथे गोल. इनटेक आणि सर्ज टँकला गोल येणारच, ते ठीक. व्हॉल्व्हला गोल आला तर तो थांबा गाळला गेला, पुढच्या बॅचला आधी सांगून ठेवा. दोन दिवसांत आभाराचं पत्र पाठवा, त्यात पोरांचे दोन-तीन प्रश्न लिहा ज्यांची उत्तरं मिळाली नाहीत. मला एकदा त्या प्रश्नांची उत्तरं पोस्टाने आली होती, हाताने आकृती काढून.

चिपळूणला परतताना पुलावर गाडी हळू करायला सांगतो मी. भर एप्रिलमध्ये आजूबाजूच्या नद्यांमध्ये धोंडे दिसत असताना वाशिष्ठी वाहत असते. ज्या दिवशी वर मशीन थांबतात त्या दिवशी इथे पाण्याची पातळी खाली जाते आणि नळाला कमी येतं, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही माहीत आहे. गेल्या वेळी मागच्या सीटवरून एक पोरगी ओरडली, "सर, हे आपलंच पाणी ना, सकाळचं?" सकाळचं नव्हे, कोळकेवाडीत थांबून आलेलं, कधीचं ते सांगता यायचं नाही, असं म्हणून मी परत कागद उघडला.